वाचकांचे प्रश्न: फेब्रुवारीत एकट्यानं केदारकंठा, तेही स्नोशू घालून

प्रश्न: सर नमस्कार. मी अनगोळचा, वय ४३, उद्यमबागला फाउंड्रीत सुपरवायझर आहे. दर रविवारी पहाटे राजहंसगड, महिन्यातनं एकदा वैजनाथ नाहीतर महिपाळगड, बहुतेक वेळा एकटाच असतो. उत्तराखंडातला केदारकंठा तीनदा झालाय, दोनदा डिसेंबरात ग्रुपबरोबर आणि एकदा मे महिन्यात गावातल्या एका पोराला घेऊन, त्यामुळं वाटेतला दगड न दगड ओळखीचा झालाय. पण डिसेंबरात आता तिथं जत्रा असते, सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर पौर्णिमेला असते तशी, टॉपवर फोटोसाठी रांग लावावी लागते, मन भरत नाही. म्हणून येत्या फेब्रुवारीच्या शेवटी एकट्यानं जायचं ठरवलंय, जिकडं कॅम्प लागत नाहीत त्या बाजूनं, ताज्या बर्फातनं, स्नोशू घालून (पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या त्या रुंद चौकटी). ऑनलाइन एक जोडी बघूनपण ठेवलीय. घरात मंडळींचं म्हणणं, कुठंही जा पण एकटं जायचं नाही. माझं म्हणणं, डोंगर ओळखीचा, उंची १२,५०० फूट, त्यात एवढं काय? माझं कुठं चुकतंय का, आणि स्नोशू खरंच कामाचे की नुसता खर्च?
एक वाचक, अनगोळ, बेळगाव

उत्तर: तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एकट्यानं चालायची ओढ काय असते ते मला माहीत आहे, पहाटे राजहंसगडावर पोचावं आणि खाली येळ्ळूरची शेतं धुक्यात बुडालेली बघावीत, तिथं बोलायला कुणी नसतं हेच तर सुख आहे, म्हणून तुम्हाला "जाऊ नका" असं एका वाक्यात सांगून मी मोकळा होणार नाही. पण पत्रातल्या "ओळखीचा डोंगर" या दोन शब्दांपाशी मी थांबलो. तुमच्या ओळखीची आहे ती वाट, डोंगर नव्हे. मे महिन्यात ती वाट दगडांची, मातीची, ओढ्याच्या आवाजाची असते. डिसेंबरात ती शेकडो लोकांनी तुडवून कडक केलेली असते, डोळे मिटून चाललं तरी पाय तिच्यावरच पडतो. फेब्रुवारीत रात्रीत दोन फूट ताजा बर्फ पडला की हे दोन्ही गायब. दगड न दगड ओळखीचा म्हणता, पण ते सगळे दगड तेव्हा चार-पाच फूट खाली असतात की ओ.

मी स्वतः हे केलंय म्हणून सांगतो. काही वर्षांमागं याच डोंगरावर, याच महिन्यात, स्नोशू घालून मी एकटा निघालो होतो. त्याआधी दोनदा वर जाऊन आलो होतो, तुमच्यासारखाच भरवसा होता. पायथ्याच्या सांकरी गावापासून जुडा का तालाब या तळ्यापर्यंत पायवाट मळलेली होती, काही वाटलं नाही, तळं गोठलेलं, सगळीकडं शांत, तिथं तंबू टाकून रात्र काढली. रात्री बर्फ पडला. सकाळी तंबूची चेन उघडली तर आदल्या दिवशीच्या माझ्याच पावलांचे ठसे बुजलेले. तरी निघालो. एरवी जे अंतर मी दीड तासात गेलो होतो त्याला चार तास लागले, कारण स्नोशू घालूनसुद्धा मी नडगीपर्यंत आत जात होतो आणि प्रत्येक पाऊल उचलताना वरचा बर्फपण उचलावा लागत होता. ग्रुपमध्ये पुढं चालणारा माणूस दर दहा मिनिटांनी बदलतो, पुढच्यानं वाट फोडायची आणि मागच्यांनी दम खायचा, एकट्याला ही सोयच नाही, सगळा नांगर एकाच बैलानं ओढायचा. जंगल संपून उघड्या उतारावर आलो, वीसेक पावलं गेलो असेन आणि पायाखालनं "धप्प" असा आवाज आला. दबका, खोलातला, पोकळ मातीवर धान्याचं पोतं आदळावं तसा, आणि माझ्यापासनं डावीकडं बर्फावर एक बारीक भेग पळत गेलेली दिसली.

हा आवाज म्हंजे काय ते मला माहीत होतं. वरचा नवा थर ज्या कमजोर थरावर टेकलेला असतो तो थर खाली बसला की असा आवाज येतो, म्हंजे उतार सुटायला तयार आहे हे डोंगरानं स्वतःच सांगितलं. मी जागच्या जागी वळलो. स्नोशूवर उलटं चालता येत नाही, मागची शेपटी बर्फात रुतते आणि माणूस पाठीवर पडतो, म्हणून एकेक पाय उचलून गोल फिरून वळावं लागतं, त्या वीस पावलांना मला पाव तास लागला. टॉप वर दिसत होता, ऊन पडलेलं, आकाश निळंशार, आणि मी खाली आलो. येताना भाड्याच्या स्नोशूचा टाचेचा रबरी पट्टा थंडीनं कडक होऊन तुटला, दुकानात तो आधीच चिरलेला होता आणि मी नीट बघून घेतला नव्हता. सुतळीनं बांधून कसाबसा तालाबापर्यंत आलो. त्या दिवशी पाय मुरगळला असता तर दुसऱ्या दिवशीपर्यंत तिकडं कुणी फिरकलंच नसतं, हे मी आजपण विसरलेलो नाही.

ओळखीच्या डोंगरावरनं मला नाओमी उएमुरा आठवतो. जपानचा हा माणूस एकट्यानं फिरण्यात जगात पहिल्या रांगेतला, १९७८ मध्ये उत्तर ध्रुवावर एकट्यानं पोचलेला पहिला माणूस तोच. अलास्कातल्या डेनाली शिखरावर तो १९७० च्या उन्हाळ्यात एकटा चढून आला होता, तसा तो पहिलाच. म्हंजे डोंगर ओळखीचाच. १९८४ च्या फेब्रुवारीत तो त्याच डेनालीवर ऐन हिवाळ्यात एकटा गेला, बर्फातल्या भेगांमध्ये पडू नये म्हणून अंगाला लांब बांबू बांधून गेला होता, इतकी तयारी. १२ फेब्रुवारीला, आपल्या ४३ व्या वाढदिवशी तो माथ्यावर पोचला, दुसऱ्या दिवशी रेडिओवर बोलणं झालं आणि त्यानंतर तो कधीच सापडला नाही. तुमचं वयपण ४३ लिहिलंय म्हणून हे लिहिताना माझा हात जरा अडखळला. डेनाली २०,००० फुटांच्या वर आणि केदारकंठा १२,५००, तुलना होत नाही हे मान्य, पण तोच डोंगर ऋतू बदलला की दुसरा होतो हे त्याच्याइतकं कुणाला कळत होतं, तरी तो परत आला नाही.

आता स्नोशूचं. वस्तू चांगलीय, नुसता खर्च नाही, पण तिचं काम काय आणि काय नाही ते समजून घ्या. पायाला सूप बांधल्यासारखा प्रकार आहे, आपलं वजन मोठ्या जागेवर पसरतं आणि पाय कमी रुततो. साधी २५ इंची जोडी घेतली तर बुटाच्या चौपट जागा मिळते. तरी भुसभुशीत ताज्या बर्फात सहा-आठ इंच आत जाणारच, वर तरंगायला होईल असं धरून चालू नका. सॅकसकट तुमचं वजन किती होतं ते बघून साइज घ्या, नुसतं अंगाचं वजन बघून नको. सरळ चढाला टाचेखाली उचलायची तार असते, ती लावली की पोटऱ्या वाचतात. उताराला आडवं जाताना मात्र स्नोशू वाईट, कडा धरत नाहीत, घोटा पिळवटतो. कडक बर्फावर आणि निसरड्या बर्फाच्या काचेवर तर ते घालायचेच नाहीत, तिथं मायक्रोस्पाइक किंवा क्रॅम्पॉन, म्हंजे बुटाखाली चढवायचे छोटे नाहीतर मोठे टोकदार दात. केदारकंठ्याच्या नेहमीच्या वाटेवर मायक्रोस्पाइक आणि गेटर (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून नडगीवर चढवायचं आवरण) एवढ्यावर भागतं, स्नोशू लागतात ते तुम्ही म्हणता तसल्या न तुडवलेल्या बाजूला, आणि धोका पण नेमका तिकडंच आहे. काठ्या दोन घ्या, त्यांच्या बुडाला मोठी बर्फाची चकती हवी, नाहीतर काठी मुठीपर्यंत आत जाते. आणि फर-स्प्रूसच्या झाडांच्या बुंध्याजवळनं जाऊ नका, खालच्या फांद्यांमुळं बुंध्याभोवती बर्फ पोकळ राहतो, वरनं सपाट दिसतं आणि माणूस छातीपर्यंत खाली जातो, पायाला स्नोशू असले की त्यातनं एकट्यानं बाहेर येणं फार अवघड.

बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. आपल्या घरातला जिना साधारण ३० ते ३५ अंशांचा असतो, म्हंजे जिन्याइतका उभा आणि त्याहून उभा उतार दिसला की सावध व्हायचं. गंमत अशी की चढायला जो उतार आपल्याला मस्त वाटतो तोच हा असतो. मोबाइलमध्ये कोन मोजायचं ॲप असतं, राजहंसगडाच्या चढावर मोजून डोळा बसवा. तुम्ही उभे आहात तो उतार सौम्य असला तरी डोक्यावरचा उतार कसा आहे तेपण बघायचं. ताजा बर्फ पडल्यावर किंवा जोराचा वारा होऊन गेल्यावर निदान एक-दोन दिवस उघड्या उतारावर जायचं नाही, आणि दुपारच्या उन्हात तर नाहीच. उत्तरकाशी जिल्ह्यासाठी हिवाळ्यात हिमस्खलनाचे इशारे निघतात, डीआरडीओची डीजीआरई म्हणून संस्था आहे ती काढते, निघण्याआधी ते बघितल्याशिवाय पाऊल उचलू नका.

आणि एकट्याचा मुद्दा इथंच येतो. बर्फाखाली गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढला तर दहातले नऊ वाचतात, अर्धा तास उलटला की तीनेक. म्हंजे वाचवणारा तोच, जो त्या वेळी शेजारी उभा आहे आणि ज्याच्या हातात फावडं आहे. लोक बीकन नावाचं यंत्र छातीला बांधतात, ते गाडलेल्या माणसाचा ठावठिकाणा सांगतं, पण सांगतं कुणाला? दुसऱ्या बीकनवाल्याला. एकट्याच्या छातीवर ते यंत्र नुसतंच वाजत राहतं. आपल्या शेजारच्या धारवाड जिल्ह्यातल्या बेटदूरचे लान्स नाईक हणमंतप्पा कोप्पद तुम्हाला आठवत असतील, ३ फेब्रुवारी २०१६ ला सियाचीनमध्ये १९,६०० फुटांवर १० जवान बर्फाखाली गेले आणि सहाव्या दिवशी कोप्पद जिवंत सापडले. त्या आठवड्यात आपल्याकडं देवळात, मशिदीत, शाळेत, सगळीकडं त्यांच्यासाठी प्रार्थना चालल्या होत्या, मी स्वतः टीव्हीसमोरनं हललो नव्हतो. ११ फेब्रुवारीला ते गेले. त्यांच्यासाठी अख्खं सैन्य, कुत्री, यंत्रं घेऊन दिवसरात्र खणत होतं. तुमच्यासाठी त्या बाजूला कोण खणणार, हा प्रश्न तुमच्या मंडळींच्या मनात आहे, त्यांनी तो या शब्दांत विचारला नसेल एवढंच.

उंची १२,५०० म्हंजे कमी असंही धरू नका. २०२४ च्या जूनमध्ये, म्हंजे भर उन्हाळ्यात, उत्तराखंडात सहस्रतालच्या वाटेवर २२ जणांचा गट वादळात सापडला, बहुतेक सगळे आपल्या कर्नाटकातले, त्यातले ९ जण गेले. हिमस्खलन नव्हतं, थंडी आणि वारा, बस्स. उंचीत दर १,००० मीटरला साडेसहा अंश तापमान उतरतं, सांकरीपेक्षा माथ्यावर बाराएक अंश कमी असतं, आणि वर वारा असला तर अंगाला ते आणखी कितीतरी खाली लागतं.

तर माझं स्पष्ट मत. या फेब्रुवारीत त्या बाजूनं एकट्यानं जाऊ नका. जा, पण दोन माणसं बरोबर घ्या, त्यातला एक सांकरीचा किंवा आसपासच्या गावातला ज्यानं तो उतार वर्षानुवर्षं हिवाळ्यात बघितलाय. तो भाग गोविंद अभयारण्यात येतो, वनखात्याची परवानगी लागते, ती कामं पण तोच करून देईल. तिघांकडं बीकन, फावडं आणि बर्फात खुपसायची लांब सळई, आणि ती वापरायचा सराव निघण्याआधी दोन वेळा. दुपारी १२ ला जिथं असाल तिथनं परत, माथा शंभर पावलांवर असला तरी परत. आणि तुम्हाला जो एकांत हवाय त्यासाठी एक करा, मी आता असंच करतो: जंगलातल्या सौम्य चढावर तुम्ही पुढं निघा, बाकीचे शंभर पावलं मागनं येऊ देत. पुढं कोरा बर्फ, वाट तुम्हीच फोडायची, कानावर फक्त आपल्या श्वासाचा आणि स्नोशूचा आवाज, मागं वळून बघितल्याशिवाय कुणी दिसत नाही. उघड्या उतारावर तर एका वेळी एकानंच जायचं असतं आणि बाकीच्यांनी सुरक्षित जागेवर थांबून नजर ठेवायची असते, तेव्हा तिथंही तुम्ही एकटेच असाल, फक्त बघणारं कुणीतरी असेल. मंडळींना हे पत्र वाचून दाखवा आणि त्यांना गावातल्या त्या माणसाचा नंबर देऊन ठेवा, किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर कुणाला कळवायचं तेसुद्धा कागदावर लिहून.

प्रश्न: मी खानापूरची, कॉलेजला आहे, एनसीसीत आहे. पुढच्या हिवाळ्यात बर्फातला ट्रेक करायचाय. आमच्याकडं बर्फ कुठला, पावसाळ्यात चिखल तेवढा भरपूर. इथं राहून सराव कसा करायचा?
एक वाचक, खानापूर

उत्तर: बाळ, तुझ्याकडं आहे तो चिखलच घे की. जांबोटी-कणकुंबीकडं जुलैत रोपलावणी चालते, तेव्हा गुडघाभर चिखलाच्या शेतात अर्धा तास चालून बघ, पाय उपसायचा, पुढं टाकायचा, परत उपसायचा, ताज्या बर्फात मांड्यांच्या आणि कमरेच्या ज्या स्नायूंवर ताण येतो ते हेच. घरच्यांबरोबर रोपं लावायला उतरलीस तर सराव आणि काम दोन्ही. पाऊस संपल्यावर नांगरलेल्या रानातल्या ढेकळांतनं चाल, आणि गोव्याला गेलीस तर समुद्रापासनं लांबच्या कोरड्या वाळूत सॅक घेऊन तासभर. स्नोशूवर पाय थोडे फाकून टाकावे लागतात नाहीतर एका पायाचा स्नोशू दुसऱ्यावर पडतो, ही चाल सवयीशिवाय येत नाही, आणि मांडीच्या आतल्या बाजूला पहिल्या दिवशी जबर दुखतं. त्यासाठी जिन्यावर आडवं चढायचा व्यायाम कर. सॅकमध्ये आधी ५ किलो, मग ८, मग १०, तांदळाच्या पिशव्या घातल्या की झालं.

एनसीसीत आहेस ते फार चांगलं. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट, मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था, यांचे बेसिक कोर्स चारेक आठवड्यांचे असतात, एनसीसी कॅडेटना तिथं पाठवतात, तुमच्या ऑफिसरना आजच विचार. जागा लवकर भरतात. दोन-तीन ट्रेक करून जे कळत नाही ते तिथं एका महिन्यात अंगात भिनतं, घसरताना आइस ॲक्सनं, म्हंजे बर्फाच्या कुदळीनं, स्वतःला कसं थांबवायचं हे तर नुसतं वाचून येतच नाही.

प्रश्न: माझा भाऊ दुबईला आहे, तो सॅटेलाइटवरनं मेसेज पाठवायचं छोटं यंत्र देतो म्हणतोय. वर नेटवर्क नसतं तर ते घेऊन गेलं तर चालेल ना?
एक वाचक, निपाणी

उत्तर: नाही चालणार. सॅटेलाइट फोन काय किंवा असली मेसेजची यंत्रं काय, आपल्या देशात दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय जवळ बाळगणं गुन्हा आहे, विमानतळावरच पकडल्याची उदाहरणं आहेत, त्यात परदेशी पर्यटकपण अडकलेत. भावाला सांगा आणूच नको. बाहेरच्या देशातले लोक त्याच्या भरवशावर एकटे हिंडतात ते बघून आपण तसं ठरवायचं नाही, आपल्याकडं तो आधारच नाही. मोबाइल मात्र अंगाजवळ, आतल्या कपड्याच्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी बघता बघता उतरते. शिट्टी गळ्यात.

प्रश्न: बर्फात दिवसभर चालताना खायला-प्यायला काय न्यावं? चॉकलेट मला आवडत नाही.
एक वाचक, गोकाक

उत्तर: गोकाकच्या माणसानं हे विचारावं! तुमचं करदंट आहे की. गूळ, डिंक, सुकामेवा, खोबरं, वजनाला हलकं आणि ताकदीला भरपूर. मी दर वेळी तेच नेतो, बरोबर शेंगापोळ्या आणि तिखट भडंग, कारण दोन दिवस गोड खाऊन तोंड विटतं. थांबून पोटभर जेवायचं नाही, दर अर्ध्या-पाऊण तासानं चालता चालता एक घास, थांबलात की अंग गार पडतं. पाण्याची नळीवाली पिशवी नको, नळी गोठते. रुंद तोंडाची बाटली घ्या, सकाळी गरम पाणी भरा, वर मोजा चढवा आणि सॅकमध्ये उलटी ठेवा, पाणी वरनं गोठायला लागतं, उलटी ठेवली की झाकणाकडची बाजू मोकळी राहते. आणि करदंट थंडीत दगडासारखं होतं, दात तुटेल, त्याचे सुपारीएवढे तुकडे घरीच करून जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा.